‘पुढच्या वर्षी खेळशील’ असं सांगितलेली मुलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आईने लिहिलंय की त्यांचा मुलगा २०१९-२० मध्ये नववीत होता आणि खो-खो खेळायचा. त्या वर्षी सतरा वर्षांखालच्या शालेय संघात राखीव म्हणून विभागीय स्पर्धेपर्यंत जाऊन आला. पुढच्या वर्षी पहिल्या नऊंत, म्हणजे प्रत्यक्ष मैदानात उतरणाऱ्या संघात, तू असशील, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. मग मार्च २०२० आला, करोनाची टाळेबंदी लागली. आता तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मैदानाकडे फिरकत नाही, वजन वाढलंय, घरात तुटक बोलतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. घरातले सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना हा उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. आईचे प्रश्न असे: शाळेच्या स्पर्धा बंद पडल्याचं मनाला एवढं लागू शकतं का? की कारण कॉलेजचं आहे आणि आपण उगाच जुनं उकरतोय? डॉक्टरकडे न्यावं का? आणि त्याच्या जुन्या सरांना फोन केला तर चालेल का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, लागू शकतं. शाळकरी आणि कॉलेजच्या खेळाडूंसोबत मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. २०२२ नंतर माझ्याकडे अशी मुलं येऊ लागली ज्यांची तक्रार वरवर वेगळीच असायची. कुणाचं अभ्यासात लक्ष नाही, कुणाला झोप नाही, कुणी कारण नसताना वडिलांवर ओरडतो. बोलता बोलता गाडी कधीतरी २०२० वर येऊन थांबायची, आणि मग मूल गप्प व्हायचं. मोठ्या माणसांना ते गप्प होणं कळत नाही, कारण आपल्या डोक्यात ‘खेळ काय, नंतरही खेळता येतो’ हे पक्कं बसलेलं असतं.

नेमका इथेच हिशेब चुकतो. शालेय खेळ चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत चालतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय, अशी चढण असते आणि ती सगळी एकाच शैक्षणिक वर्षात चढायची असते. तुमच्या मुलाचं बघा. नववीत तो सतरा वर्षांच्या गटात नवा होता, त्याच्यापेक्षा मोठी मुलं संघात होती, म्हणून राखीव बसला. ते रास्तच होतं. दहावी आणि अकरावी ही त्याची खरी वर्षं, मोठी मुलं बाहेर पडलेली आणि हा संघाचा कणा. आपल्याकडे २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन्ही वर्षी शालेय स्पर्धांचा नेहमीचा हंगाम झालाच नाही. २०२२-२३ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तो बारावीत होता, गट एकोणीसचा, आणि डोक्यावर सीईटी. म्हणजे सतरा वर्षांखालच्या गटात तो पहिल्या नऊंत एकदाही खेळला नाही आणि आता कधीच खेळणार नाही. तुम्ही सगळ्यांनी त्याला ‘पुढच्या वर्षी खेळशील’ म्हटलं असेल. सगळ्याच घरांत म्हटलं गेलं. कुणी खोटं बोलत नव्हतं, फक्त मोठ्यांनी वयोगट मोजला नव्हता. मुलांनी मोजला होता. पंधराव्या वर्षी आपली जन्मतारीख कोणत्या गटात बसते हे खेळणाऱ्या मुलाला तोंडपाठ असतं.

हेच मोठ्या पातळीवर कसं झालं ते सांगते, म्हणजे तुमच्या मुलाचं दुःख बारीक वाटणार नाही. सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात व्हायचा होता. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. स्पर्धा आधी फेब्रुवारी २०२१ वर ढकलली आणि १७ नोव्हेंबर २०२० ला फिफाने ती रद्दच केली. भारताला पुढची, २०२२ ची स्पर्धा दिली गेली आणि ती ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झालीही. बातम्यांत ‘भारताची संधी कायम’ असं आलं. देशाची संधी कायम राहिली, हे खरं. पण २०२० च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००३ नंतर जन्मलेल्या मुली चालणार होत्या आणि २०२२ साठी १ जानेवारी २००५ नंतरच्या. मधल्या दोन वर्षांत जन्मलेल्या ज्या मुली शिबिरात घाम गाळत होत्या, त्यांच्यासाठी तो विश्वचषक संपला होता. त्यांच्या हातून चूक झाली नव्हती, दुखापत नव्हती, निवड समितीने नाकारलंही नव्हतं. जन्मसाल तेवढं आडवं आलं.

हरलेल्या खेळाडूला सावरणं त्यामानाने सोपं असतं. हरण्यात एक निकाल असतो. रडायला कारण असतं, सोबत रडायला संघ असतो, पुढच्या वेळी काय सुधारायचं याची चर्चा असते. या मुलांना निकालच मिळाला नाही. आपण किती चांगले होतो हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि ते न कळणं पुढे वर्षानुवर्षं कुरतडत राहतं. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी जी सर्वांत जास्त अडकून पडली होती, ती फार गुणी होती असं नाही. ‘मी राज्यापर्यंत गेलो असतो की नसतो’ या प्रश्नाचं उत्तर ज्यांना मिळालं नाही, ती होती.

त्यात काळ कसला होता ते आठवा. एप्रिल-मे २०२१ मध्ये लोक ऑक्सिजनसाठी धावत होते. पुण्यात सीओईपीच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं होतं, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खाटा लागल्या होत्या. ज्या जागांवर खेळ व्हायचा तिथे माणसं जगण्यासाठी झुंजत होती. अशा वेळी सोळा वर्षांच्या पोराने ‘माझी विभागीय स्पर्धा गेली’ असं कुणापाशी म्हणायचं? घरात कुणी गेलं की सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, लोक येऊन बसतात. स्पर्धा गेली त्याचं कुणी भेटायला येत नाही. बऱ्याच मुलांना तर स्वतःचीच लाज वाटली. शेजारचे काका गेले आणि आपल्याला खेळाचं वाईट वाटतंय, म्हणजे आपण किती स्वार्थी, असं मनाशी धरून ती बसली. मग ते दुःख त्यांनी आत ढकललं. ढकललेलं दुःख किशोरवयात बहुतेक वेळा रडण्यातून बाहेर येत नाही. मुलग्यांमध्ये तर नाहीच. ते चिडचिडीतून येतं, कंटाळ्यातून येतं, ‘मला काही फरक पडत नाही’ या वाक्यातून येतं.

आणखी एक गोष्ट मुलांना फार लागली, पण मोठ्यांच्या नजरेतून ती निसटली. सप्टेंबर २०२० मध्ये आयपीएल दुबई-अबुधाबीत सुरू झाली. डिसेंबर २०२१ मध्ये प्रो कबड्डी बंगळूरला एका बंद जागेत सुरू झाली. म्हणजे पैसा असला की खेळ होऊ शकतो, हे मुलांनी रोज संध्याकाळी टीव्हीवर पाहिलं. त्याच काळात गावातल्या मैदानावर चार पोरं जमली तर पोलीस काठी घेऊन यायचे. पुढे शाळा उघडल्या, नोव्हेंबर २०२० पासून कुठे कुठे नववी ते बारावीचे वर्ग भरू लागले, तरी खेळाचा तास बंदच. गणित शिकायला वर्गात तीस जण चालतात आणि उघड्या मैदानावर नऊ जण चालत नाहीत, याचं उत्तर कुठल्याच मोठ्या माणसाकडे नव्हतं. आपला खेळ कुणाच्या लेखी महत्त्वाचा नाही, हे त्या पोरांना तेव्हा कळलं. मला विचाराल तर आजाराच्या भीतीपेक्षा या समजाने जास्त नुकसान केलं.

आता खेळ थांबला म्हणजे नक्की काय काय थांबलं, ते बघू. पहाटे साडेपाचला मैदान गाठायचं म्हणून मूल रात्री दहाला झोपतं. घाम गाळल्यावर भूक लागते. मैदानावर घरचं नसलेलं, शाळेच्या मार्कांशी संबंध नसलेलं एक मोठं माणूस असतं, ज्याला आज पोराचं लक्ष नाही हे लांबून कळतं. आठ-दहा मित्र असतात ज्यांच्याशी बोलावं लागत नाही, नुसतं सोबत पळलं की पुरतं. किशोरवयीन मुलग्यांची मैत्री अशीच असते, समोरासमोर बसून बोलण्याची कमी आणि खांद्याला खांदा लावून काही करण्याची जास्त. खेळ बंद झाला आणि झोप, भूक, माणसं, दिवसाचा आकार हे सगळं एकदम गेलं. त्यातलं एखादं गेलं असतं तर मूल सावरलं असतं.

आणि खो-खो हा तर एकट्याने करता येण्यासारखा खेळच नाही. धावणारी मुलगी गच्चीवर धावेल, बॅडमिंटनवाला भिंतीवर फूल मारत बसेल. खो-खोला आठ जण चौकोनात बसलेले हवेत, एक पाठलाग करणारा हवा आणि समोर पळणारे हवेत. काही सरांनी व्हॉट्सॲपवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवले, दोरीवरच्या उड्या मोजून मागितल्या. त्यांची धडपड प्रामाणिक होती. पण खांबावर सूर मारून गडी टिपणाऱ्या मुलाला दोन खोल्यांच्या घरात दोरीवरच्या उड्यांनी काय मिळणार? मग त्या जागी मोबाइलवरचे खेळ आले. पालकांनी त्याला व्यसन म्हटलं. मी थोडं वेगळं बघते. पब्जीत चार जणांचा संघ असतो, एकमेकांना हाका असतात, कुणीतरी तुमच्यावर अवलंबून असतं. मुलं तिथे आपला गेलेला संघ शोधत होती. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली तेव्हा काही मुलं दुसऱ्यांदा संघाबाहेर पडली, असं मी अर्ध्या गंमतीने म्हणते. अर्ध्याच.

पश्चिम महाराष्ट्रात याहून बिकट अवस्था कुस्तीच्या पोरांची झाली आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत बारा-तेरा वर्षांपासून पोरं राहायला असतात. घर सोडून, वस्तादांच्या नजरेखाली. दूध, तूप, बदाम हा खुराक महिन्याला बापाचं कंबरडं मोडतो. तो भरून निघायचा मोठा आधार म्हणजे गावोगावच्या यात्रांची कुस्ती मैदानं. ती मैदानं चैत्र-वैशाखात भरतात, म्हणजे मार्च ते मे. टाळेबंदी लागली ती बरोबर त्याच तोंडावर, २०२० ला, आणि २०२१ ला दुसरी लाट आली तीही त्याच महिन्यांत. सलग दोन हंगाम गेले. तालमी रिकाम्या झाल्या, पोरं गावी परतली, शेतात राबू लागली. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीनंतर पुढची महाराष्ट्र केसरी थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झाली. मधल्या काळात सोळाचा पोरगा अठराचा झाला, खुराकाचं कर्ज तसंच राहिलं आणि वजनगट बदलला. अशा घरात मुलाच्या मनावर ताण येतो तो फक्त ‘माझं स्वप्न गेलं’ एवढा नसतो. ‘माझ्यावर घातलेले पैसे बुडाले’ हा त्याहून जड असतो. ग्रामीण भागातल्या कित्येक घरांसाठी खेळ ही हौस नाहीच. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण, सरकारी भरतीतलं खेळाडूंचं ५ टक्के समांतर आरक्षण, पोलीस भरतीची तयारी, असा तो पूर्ण घराचा हिशेब असतो. स्पर्धाच नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर त्या हिशेबातलं काहीच नाही.

हे फक्त माझ्या खोलीत दिसलेलं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी मे २०२० मध्ये देशभरातल्या १३ हजारांहून जास्त शालेय खेळाडूंची पाहणी केली. नैराश्य, चिंता आणि शारीरिक हालचाल मोजायच्या नेहमीच्या प्रश्नावल्या वापरल्या. महामारीआधीच्या आकडेवारीशी ताडून पाहता लक्षणं बरीच वाढलेली दिसली. मला त्यातलं एकूण प्रमाण तितकं बोलकं वाटत नाही, जितकं ती कुणात जास्त होती हे वाटतं. नैराश्याची लक्षणं सांघिक खेळ खेळणाऱ्यांत, बारावीच्या वर्षात असलेल्यांत आणि जास्त गरिबी असलेल्या भागांतल्या मुलांत अधिक होती. चिंता मुलींमध्ये जास्त होती. बारावी म्हणजे तिथलं शाळेचं शेवटचं वर्ष, पुन्हा न येणारं. सांघिक खेळ म्हणजे एकट्याने न करता येणारा. तुमच्या मुलाच्या गोष्टीतल्याच दोन खुणा सातासमुद्रापार दिसतात. याच गटाने त्या वर्षाच्या उत्तरार्धात विस्कॉन्सिनमधल्या शाळांकडे पुन्हा पाहिलं. काही शाळांनी खेळ सुरू केले होते, काहींनी नाही. ज्यांना खेळायला मिळालं त्यांच्यात नैराश्य आणि चिंता कमी आढळली. आता, हे ऑनलाइन भरून घेतलेले अर्ज आहेत. ज्याला जास्त त्रास होता त्याने ते उत्साहाने भरले असतील, हीही शक्यता धरावी लागते. शिवाय शाळा बंद, मित्र बंद, घरात आजारपण, हे सगळं एकत्र होतं. त्यातून खेळाचा वाटा चमच्याने वेगळा काढता येत नाही. पण कुणाला जास्त त्रास झाला याचा जो नकाशा त्यांना मिळाला, तो माझ्या अनुभवाशी जुळतो.

मुलींबद्दल थोडं सांगायलाच हवं, तुमचा प्रश्न मुलाचा असला तरी. मुलगा मैदानावर गेला नाही तर तो घरात बसतो. मुलगी मैदानावर गेली नाही तर तिच्या हातात भांडी येतात. खेळणाऱ्या मुलीने घराबाहेरचे ते दोन तास मोठ्या कष्टाने मिळवलेले असतात, सरांनी घरी येऊन वडिलांना पटवलेलं असतं. एकदा ते तास घरकामात विरले की परत मागणं फार अवघड. मार्च २०२१ मध्ये युनिसेफने इशारा दिला होता की महामारीमुळे या दशकात जगभरात आणखी १ कोटीपर्यंत बालविवाह होण्याचा धोका आहे. मी ज्या क्रीडाशिक्षकांशी बोलते त्यांच्याकडे या आकड्याऐवजी नावं असतात. कबड्डीची चांगली चढाई करणारी एखादी, जी २०२२ ला संघ पुन्हा जमवताना सासरी होती. मुलग्यांचं दुःख दबलं, मुलींचं तर कुणी विचारलंच नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. सगळी मुलं खचली नाहीत. काहींना चक्क सुटल्यासारखं झालं. ज्यांना वडिलांच्या हट्टापायी खेळावं लागत होतं, ज्यांचे प्रशिक्षक हात उचलत होते, ज्यांच्या गुडघ्याला कधी विश्रांतीच मिळाली नव्हती, ती मुलं टाळेबंदीत पहिल्यांदा मोकळा श्वास घेत होती. आणि तेही त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं. माझ्याकडे आलेल्या एका पालकांना मुलीने खेळ सोडला हे महामारीचं नुकसान वाटत होतं. मुलीला मात्र ती सुटका वाटत होती. म्हणून, ताई, तुमच्या मुलाने खेळ सोडला याचं दुःख नक्की कुणाचं आहे, हे एकदा स्वतःशी तपासून घ्या. तो टीव्हीसमोरून उठून गेला यावरून मला तरी वाटतं की ते त्याचं आहे. ज्याला सुटका वाटते तो सामना बघत बसतो, नाहीतर मोबाइल बघतो. दार लावून घेत नाही.

त्या खो-खो विश्वचषकात पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. आपल्याच मैदानांवरून वर गेलेली माणसं. तो उठून गेला ते त्यांचा मत्सर वाटला म्हणून नसावं. आपण ज्या रस्त्यावर होतो तो रस्ता खरंच कुठेतरी जात होता, हे त्याला त्या दिवशी दिसलं. २०२० पर्यंत खो-खो म्हणजे प्रमाणपत्र आणि फार तर नोकरी. ऑगस्ट २०२२ मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, मग हा विश्वचषक. त्याच्या हातून खेळ सुटला आणि त्यानंतर त्या खेळाला दिवस आले. असं झालं की जुनी जखम पुन्हा ओली होते. त्या रात्री तुम्ही ‘बघ, तू सोडला नसतास तर’ असं काही म्हटलं असेल, तर ते वाक्य मात्र मागे घ्या. शब्दांत घ्या, मनातल्या मनात नको. त्याने सोडला नव्हता.

मग कारण कॉलेजचं की जुनं? माझ्या मते दोन्ही, आणि ते वेगळं काढायची घाई करू नका. पंधरा ते अठरा या वयात मूल ‘मी कोण’ याचं उत्तर तयार करत असतं. तुमच्या मुलाचं उत्तर होतं ‘मी खो-खोवाला’. ते अर्ध्यात तुटलं आणि त्या जागी दुसरं काही बसायच्या आत परीक्षा, प्रवेश, वसतिगृह, सेमिस्टर सुरू झालं. दहावीची परीक्षासुद्धा त्याच्या बॅचची रद्द झाली होती, एप्रिल २०२१ मध्ये, आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. मैदानातही सिद्ध करायला मिळालं नाही आणि परीक्षेतही नाही. अशी मुलं पुढे कुठलीही स्पर्धा आली, कॅम्पस मुलाखत असो की हॅकेथॉन, तिथून हळूच बाजूला होतात. लोकांना तो आळस वाटतो. मला त्यामागे बहुतेक वेळा एक हिशेब दिसतो: जीव लावला की ते काढून घेतात, तेव्हा जीवच लावायचा नाही.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही, पण सगळं तिथेच अडतं. ‘तुला नैराश्य आलंय का’ असं थेट विचारू नका. स्वयंपाकघरात, गाडीवरून जाताना, कुठेही सहज, त्याच्याकडे न बघता एवढंच म्हणा की दहावी-अकरावीची दोन्ही वर्षं तुझ्या संघाची होती आणि ती गेली, तेव्हा आमच्या ते लक्षात आलं नाही. पुढे काही जोडू नका. ‘पण आता’, ‘तरीसुद्धा’, ‘त्यापेक्षा’ असलं काही नको. तो कदाचित काहीच बोलणार नाही. चालेल. महिन्याभराने एखाद्या रात्री कुठल्या तरी जुन्या सामन्याचा विषय तोच काढेल, तेव्हा ऐका. त्याला तपशिलात जाऊ द्या, कोण कुठे बसला होता, कुणी चुकीचा खो दिला, सगळं. खेळाडू आपलं दुःख तपशिलातूनच सांगतो.

मैदानावर परत न्यायचंच, असा हट्ट नको. नेता आलं तर मात्र क्रम नीट ठेवा: आधी माणसं, मग हालचाल, स्पर्धा सर्वांत शेवटी. बरेच पालक उलट करतात. थेट कॉलेजच्या संघात नाव दे म्हणतात. पोरगा जातो, आधीसारखं शरीर वळत नाही, पहिल्याच आठवड्यात घोटा मुरगळतो आणि जे थोडं उरलं होतं तेही जातं. २०२२ मध्ये शाळा पूर्ण सुरू झाल्यावर मी हे फार पाहिलं. डोक्यात पंधरा वर्षांचा चपळ खेळाडू असतो आणि शरीर दोन वर्षं बसलेलं, वाढलेलं, जड झालेलं. खांबावरचा सूर आठवतो, पण गुडघे ऐकत नाहीत. म्हणून पहिले दोन-तीन महिने नुसतं चालणं, मग धावणं, तेही मित्रासोबत. विद्यापीठाच्या स्पर्धांत शालेय गटांसारखं दर दोन-तीन वर्षांनी दार बंद होत नाही, हे त्याला माहीत असू द्या, पण आग्रह नको. काही मुलांना खेळण्यापेक्षा पंच होणं, नाहीतर आपल्याच शाळेच्या चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवणं जास्त मानवतं. तिथे स्वतःला सिद्ध करायचं नसतं आणि तरी मैदानाची माती पायाला लागते. माझा स्वतःचा कल याच बाजूला आहे.

डॉक्टरकडे न्यावं का? खेळाचं दुःख म्हणून नव्हे, लक्षणं बघून ठरवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास किंवा सतत चिडलेलं असणं, कशातच रस नसणं, झोप आणि भूक पार बिघडणं, कॉलेज बुडू लागणं, मित्र तुटणं, दारू किंवा तत्सम काही सुरू होणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा, समुपदेशकापाशी थांबू नका. गोळ्या लागतीलच असं नाही, पण तो निर्णय त्यांना करू द्या. आणि ‘जगून काय करायचं’ अशा अर्थाचं काहीही, अगदी गमतीने, तो बोलला तर त्याच दिवशी हालचाल करा. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही फोन करू शकता, मुलानेच करायला हवा असं नाही. जवळच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. यातलं काही नसेल आणि तो फक्त तुटक बोलत असेल, वजन वाढलेलं असेल, पण कॉलेजला जातो, मित्र आहेत, खातो-पितो, तर थोडं थांबायला हरकत नाही.

आता सरांना फोन. करा, पण मुलाला सांगून. त्याच्या पाठीमागून केलात आणि सर अचानक उगवले तर त्याला सगळे मिळून आपल्याला दुरुस्त करताहेत असं वाटेल. ‘सरांची आठवण झाली, फोन करतेय, तुला काही निरोप द्यायचाय का’ एवढं म्हणून बघा. नको म्हणाला तर नको. हो म्हणाला, किंवा खांदे उडवून आत गेला, तर लावा. सरांना एवढंच सांगा की त्याला खेळायला ये असं म्हणू नका. २०२० च्या त्या संघातली बाकीची पोरं आता कुठे आहेत, ते विचारा. त्यांनाही तुमच्या मुलासारखीच दोन वर्षं मिळाली नाहीत. त्यातला एखादा जवळपास असेल तर त्याचा नंबर घ्या. आणि सरांची स्वतःची चौकशी करायला विसरू नका. बंदच्या काळात खासगी अकादम्यांतल्या कितीतरी प्रशिक्षकांचे पगार थांबले होते, काहींनी भाजी विकली, काहींनी खेळच सोडला. त्यांच्याकडेही बोलायला बरंच साठलेलं असण्याची शक्यता आहे.